वजनाचा सौदा न्याय्य असतो का?

जबलपूरच्या सराफ्यात तुम्ही कधी दागिना घेतला आहे का? मजुरीवर भरपूर घासाघीस चालते. पण वजनावर कोणी घासाघीस करत नाही. काट्याने दाखवलं तेच खरं.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र कधी कधी वजनाचाच सौदा होतो. दोन बॉक्सर कराराने ठरवतात की लढतीआधी दोघांचंही वजन अमुक आकड्याच्या आत असेल. याला ‘कॅचवेट’ म्हणतात. हा आकडा नेहमीच्या वजनगटांत बसेलच असं नाही. असा सौदा न्याय्य आहे का?

वजन ठरवून का घेतात?

ऑलिम्पिकमध्ये वजनगट आधीच ठरलेले असतात. विजेंदर सिंगने 2008 मध्ये बीजिंगला 75 किलो गटात कांस्यपदक मिळवलं. तिथे प्रतिस्पर्ध्याशी वजनाची बोलणी करण्याची सोयच नव्हती. 2024 मध्ये पॅरिसला कुस्तीपटू विनेश फोगाट 50 किलोच्या गटात होती. अंतिम लढतीच्या सकाळी 100 ग्रॅम वजन जास्त भरलं आणि ती बाद झाली. नियम कठोर होता, पण सगळ्यांना सारखाच होता.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये प्रत्येक लढत करारावर उभी असते. एकाचं नेहमीचं वजन 67 किलो आणि दुसऱ्याचं 70 किलो असेल, तर दोघं मधल्या आकड्यावर भेटू शकतात. त्यामुळे एरवी न होणारी चांगली लढत लोकांना पाहायला मिळते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. गावच्या जत्रेत कुस्तीचं मैदान भरतं, तेव्हा वस्ताद आणि पंच पैलवानांना शेजारी उभं करून नजरेनेच जोखतात आणि ‘जोड’ लावतात. जोड विजोड वाटली तर प्रेक्षकच गलका करतात. म्हणजे तिथेही काट्यापेक्षा समजुतीवर काम चालतं. पण एक मोठा फरक आहे. मैदानात जोड तिसरा माणूस लावतो, तीही सगळ्यांसमोर. बॉक्सिंगमध्ये आकडा दोन पक्ष बंद दाराआड ठरवतात. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात, त्याचंच पारडं तिथे जड असतं.

बिनसतं कुठे?

1988 मध्ये शुगर रे लिओनार्ड आणि डॉनी लालोंड यांची लढत झाली. लालोंड लाइट हेवीवेट गटाचा विजेता होता. त्या गटाची मर्यादा 175 पाउंड, म्हणजे सुमारे 79.4 किलो. करार मात्र 168 पाउंडांचा, म्हणजे सुमारे 76.2 किलोंचा झाला. त्यामुळे खालच्या सुपर मिडलवेट गटाचा पट्टाही त्याच लढतीत पणाला लागला. लिओनार्डने नवव्या फेरीत लढत जिंकली आणि एका रात्रीत दोन्ही पट्टे नेले. आपल्या गटाचा पट्टा राखायला लालोंडला त्या गटाच्या मर्यादेपेक्षा तीन किलो खाली उतरावं लागलं होतं.

2009 मध्ये मिगेल कोटोने 147 पाउंडांच्या गटातला आपला पट्टा मॅनी पॅकियाओसमोर 145 पाउंडांवर पणाला लावला. फरक एका किलोहूनही कमी. बाराव्या फेरीत पॅकियाओ जिंकला. तो कोटोपेक्षा लहान चणीचा होता आणि खालच्या गटांतून वर आला होता, हेही खरं. तरी प्रश्न उरतोच. पट्टा 147 पाउंडांचा असेल, तर विजेत्याला 147 पाउंडांवर उभं राहू नये का?

दुसरी बाजूही पाहा. 2004 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्स आणि ऑस्कर दे ला होया यांचा करार 158 पाउंडांचा होता. गटाची मर्यादा 160. वजन कमी करावं लागलं ते हॉपकिन्सला, आणि नवव्या फेरीत जिंकलाही तोच. तेव्हा ठरवलेलं वजन निकाल ठरवतंच असं नाही. पण निकाल बरोबर लागला म्हणून अट न्याय्य ठरत नाही.

किंमत शरीर मोजतं

वजन बहुधा लढतीच्या आदल्या दिवशी होतं. शेवटचे एक-दोन किलो चरबीचे नसतात, पाण्याचे असतात. बॉक्सर पाणी तोडतात, घाम गाळतात आणि काट्यावरून उतरल्यावर पुन्हा पाणी पितात. शरीरातलं पाणी घटलं की हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. 2015 मध्ये यांग जियान बिंग हा मिश्र मार्शल आर्ट्सचा तरुण चिनी खेळाडू वजन उतरवताना मरण पावला. त्यानंतर त्या स्पर्धेच्या आयोजकांनी असं पाणी तोडण्यावर बंदी घातली आणि शरीरातल्या पाण्याची चाचणी सुरू केली.

आता तर पाणी परत भरून काढण्यावरही अटी येतात. एप्रिल 2025 मध्ये लंडनला ख्रिस युबँक ज्युनिअर आणि कॉनर बेन यांची लढत 160 पाउंडांवर ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होणार होतं आणि ते 170 पाउंडांपुढे जायचं नव्हतं. पहिल्या दिवशी युबँक 0.05 पाउंडने जास्त भरला. हे वजन दहा रुपयांच्या तीन नाण्यांएवढं आहे. त्याला सुमारे 3,75,000 पौंडांचा दंड झाला. लढत त्याने जिंकली, पण नंतर त्याला रुग्णालयात जावं लागलं.

न्याय कसा ओळखावा?

अशी लढत ठरल्याचं ऐकलं की तीन प्रश्न विचारा. दोघंही थोडं थोडं सरकले, की एकालाच ओढलं? पट्टा पणाला आहे का? आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक दोघांना होती का? पट्टा नसेल आणि दोघं मध्यावर भेटत असतील, तर सौद्यात वावगं काही नाही. विजेत्याला त्याच्याच गटाच्या मर्यादेखाली नेणं मात्र पट्ट्याशी बेइमानी आहे. आणि शरीर सुकवणारी अट दोघांनी सही केली म्हणून सुरक्षित होत नाही.

हा प्रश्न तुमच्या घरीही येऊ शकतो. समजा, तुमची मुलगी जबलपूरला बॉक्सिंग शिकते आणि कोणी म्हणालं, “रविवारपर्यंत दोन किलो उतरव, खालच्या गटात सोपं जाईल.” तेव्हा विचारा: हे दोन किलो कशातून जाणार? उत्तर ‘पाणी बंद’ असं आलं, तर सरळ नकार द्या आणि तिला वरच्या गटात खेळू द्या.

वरच्या गटात जाणं म्हणजे हार नव्हे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये 52 किलो गटात सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीला ते 57 किलो गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक घेऊन आले.