मत्स्यपेटीतल्या पंपाची घरघर

मत्स्यपेटीत बुडबुडे सोडणारा हवेचा छोटा पंप तुम्ही पाहिला असेल. दिवसा त्याची घरघर जाणवत नाही; रात्री निजानीज झाली की तीच घर डोक्यावर घेते. आमची पेटी बैठकीच्या खोलीत आहे आणि आई तेथेच झोपते. म्हणून एका उन्हाळ्यात मी रात्री पंप बंद करू लागलो. आठवडाभरात एके सकाळी सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे उघडून धापा टाकताना दिसले. दोन गोल्डफिश मेलेले होते. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याच्या घरी असे घडावे, याची मला आजही लाज वाटते.

कारण हिशेब सोपा होता. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात फार तर ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. (२० अंशांना सुमारे ९, म्हणजे उन्हाळ्यात साठा आधीच कमी.) आमच्या पेटीत ५० लिटर पाणी आहे. त्यातला सगळा प्राणवायू मिळून ३७५ मिलिग्रॅम झाला. दीड लिटर हवेत याहून जास्त असतो! त्यात पेटीतल्या वनस्पती दिवसा प्रकाशात प्राणवायू सोडतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. तेव्हा पंपाची खरी गरज रात्रीच असते.

बुडबुड्यांतली हवा थेट पाण्यात विरघळते ती थोडीच. त्यांचे मोठे काम पाणी ढवळण्याचे. पाणी अगदी स्थिर असेल, तर पृष्ठभागावर विरघळलेला प्राणवायू नुसत्या विसरणाने ३० सेंटिमीटर खाली पोचायला कित्येक महिने लागतील. बुडबुडे तळचे पाणी वर आणतात आणि वरचे खाली जाते.

आता घरघरीकडे वळू. या पंपात विद्युत्चुंबकासमोर एक तरफ असते. तिच्या टोकाला कायम चुंबक आणि बाजूला रबरी पडदा बसवलेला असतो. आपल्याकडचा प्रत्यावर्ती प्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणून तरफ सेकंदाला ५० वेळा हलते आणि पडदा तितक्याच वेळा हवा ढकलतो. चालू पंप हातात अधांतरी धरून ऐका, मग लाकडी फळीवर ठेवून ऐका. नादकाट्याची दांडी टेबलावर टेकवली की आवाज मोठा होतो, तेच येथे घडते. छोट्या पंपाला हवेचा मोठा भाग हलवता येत नाही, फळीला येतो. तेव्हा पंप फडक्यात गुंडाळून उपयोग नाही, उलट तो तापेल आणि त्याची हवाही कोंडेल. कंपने फळीपर्यंत जाऊ न देणे हाच उपाय.

मी प्रथम पंपाखाली पातळ रबराचा तुकडा घातला. आवाज वाढला! गणित केल्यावर चूक कळली. मऊ आधारावर ठेवलेल्या वस्तूची स्वतःची एक कंपनसंख्या असते. वजनाने आधार किती सेंटिमीटर दबतो ते मोजा, त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याने ५ ला भागा. उत्तर अंदाजे हर्ट्झमध्ये येते. समजा रबर ०.०१ सेंटिमीटर दबले. वर्गमूळ ०.१, कंपनसंख्या ५०, म्हणजे नेमकी पंपाचीच! झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकलले की झोका वाढत जातो, तसे हे अनुस्पंदन.

आधार १ सेंटिमीटर दबला तर कंपनसंख्या ५ हर्ट्झ होते. पंपाची लय तिच्या दसपट जलद. अशा वेळी गणिताप्रमाणे फळीपर्यंत जोराचा सुमारे शंभरावा हिस्साच पोचतो. प्रत्यक्षात इतका फायदा मिळत नाही, पण फरक कानाला स्पष्ट कळतो. त्यासाठी जाड, मऊ स्पंज घ्या. किंवा मी केले तसे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पंप त्यांवर टांगा. पट्ट्या वजनाने निदान सेंटिमीटरभर ताणल्या गेल्या पाहिजेत. पंप भिंतीला टेकू देऊ नका. हे सर्व वीजजोडणी काढून, कोरड्या हातांनी आणि घरातल्या मोठ्यांना सांगूनच करा.

टांगताना पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. खाली असला आणि वीज गेली, तर नळीतून वक्रनलिकेप्रमाणे पाणी उलटे पंपात उतरते. वर जागा नसेल तर नळीत एकमार्गी झडप बसवा.

पंप शांत झाल्यावर बुडबुड्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. प्रत्येक बुडबुडा सुटताना स्वतः कंप पावतो. मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली त्याचे गणित मांडले. ६ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सुमारे १,१०० हर्ट्झचा स्वर काढतो. लहान बुडबुड्याचा स्वर त्याहून उंच. हा आवाज कमी करायचा तर नळी चिमटू नका, त्याने पडद्यावर ताण येतो. नळीत तीन तोंडांचा जोड बसवून जादा हवा बाहेर सोडा. हवा सोडणारा दगड शेवाळाने तुंबला तरी पडद्यावर असाच ताण येतो, म्हणून अधूनमधून तो काढून घासा.