क्षयरोग आणि मातृत्व : गर्भधारणेपूर्वी व प्रसूतीनंतर

प्रस्तावना
रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर पाच वर्षांच्या आतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे क्षयाने निधन झाले. प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिणाऱ्या या विदुषीचे वय तेव्हा अवघे २१ वर्षे होते. आज हा रोग औषधांनी बरा होतो. तथापि स्त्रीच्या संदर्भात त्याविषयीचे मौन अद्याप सुटलेले नाही. प्रस्तुत लेखात क्षयरोग व मातृत्व यांच्या संबंधाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

गर्भधारणेपूर्वी
श्वासावाटे शरीरात शिरलेले क्षयजंतू रक्तातून जननेंद्रियांपर्यंत पोहोचतात व तेथे वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात. बहुधा दोन्ही बीजवाहिन्या बाधित होतात आणि व्रण भरून येताना बंद पडतात. पाळीतील अनियमितता, ओटीपोटातील वेदना अशी लक्षणे दिसतात. कित्येकदा कोणतेच लक्षण नसते. त्यामुळे अनेकींना वंध्यत्वाच्या तपासणीतच या रोगाचा पत्ता लागतो, आणि तोवर दोष मात्र त्यांच्याच माथी मारला गेलेला असतो. जंतूंची संख्या अल्प असल्याने एकाच चाचणीवर विसंबून चालत नाही. साधारणतः सहा महिन्यांच्या उपचारांनी जंतू नष्ट होतात. पण बंद झालेली बीजवाहिनी त्यामुळे उघडेलच असे नाही. म्हणूनच लवकर निदान होणे निर्णायक ठरते.

गरोदरपणात
थकवा व अशक्तपणा ही गर्भारपणाचीच लक्षणे मानली गेल्याने रोग झाकला जातो. दिवस गेल्यावर औषधे बंद करण्याकडे घरच्यांचा कल असतो. तो घातक आहे. उपचाराविना राहिलेल्या क्षयामुळे अपुऱ्या दिवसांची प्रसूती व बाळाचे कमी वजन यांचा धोका वाढतो. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल ही प्रमुख औषधे या काळात देता येतात. स्ट्रेप्टोमायसिन मात्र टाळतात, कारण त्याने गर्भाच्या श्रवणशक्तीस इजा होऊ शकते.

प्रसूतीनंतर
गरोदरपणात बदललेली प्रतिकारयंत्रणा प्रसूतीनंतर पूर्ववत होऊ लागते आणि दबलेली लक्षणे वर येतात. बाळंतिणीचा रेंगाळलेला ताप वा खोकला म्हणूनच दुर्लक्षू नये. या नेहमीच्या औषधांवर असलेल्या मातेने स्तनपान थांबविण्याची गरज नसते. दुधात उतरणारे औषध अत्यल्प असते. परंतु तेवढ्याने बाळाचे रक्षणही होत नाही. त्याची स्वतंत्र तपासणी व आवश्यकतेनुसार प्रतिबंधक औषध द्यावे लागते. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव घटतो, हेही मातेस सांगितले पाहिजे.

समारोप
शासनाच्या निक्षय पोषण योजनेखाली रुग्णास मिळणारे मासिक ५०० रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये करण्यात आले. औषध व आहार यांची अशी सोय झाली, तरी सासर-माहेरच्या धाकाने आजार लपविणारी स्त्री दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्या वर्गांतील विद्यार्थिनी उद्याच्या माता आहेत. त्यांच्यापर्यंत ही माहिती निःसंकोचपणे पोहोचविणे हे अध्यापकांचेही कर्तव्य ठरते.