पिझ्झ्याचे पाणी जोखताना

फ्रोझन पिझ्झा चांगला की वाईट हे ठरवताना आपल्याकडे सगळ्यात आधी पाहिली जाते ती चीजची तार. तुकडा उचलल्यावर चीज जितके लांब ताणले जाईल तितका पिझ्झा भारी, असा सर्वसाधारण समज आहे. मग नजर जाते टॉपिंगच्या गर्दीकडे, आणि शेवटी हॉटेलातल्या ताज्या पिझ्झ्याशी तुलना होते. आपल्याच शहरातल्या एखाद्या लहान उत्पादकाचा माल हाती आला तरी हीच फूटपट्टी लागते. त्यात कधी चांगल्या मालावर अन्याय होतो, तर कधी सुमार माल तारेच्या जोरावर खपून जातो. माझ्या मते फ्रोझन पिझ्झ्याचा कस लागतो तो पाण्यापाशी. बेस, सॉस, भाज्या आणि चीज यांतले पाणी बनवणाऱ्याने किती आवरले आहे आणि गोठवल्यापासून आपल्या ओव्हनमध्ये जाईपर्यंत ते किती जागचे हलले आहे, यावर त्याची प्रत ठरते.

ताज्या पिझ्झ्याशी तुलना आधी बाजूला ठेवू. नेपल्सच्या पिझ्झ्याला युरोपीय संघाने २०१० मध्ये पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले, तेव्हा हा पिझ्झा गोठवून विकता येणार नाही हे नियमांतच घातले गेले. तो लाकडावरच्या भट्टीत, ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास, ६० ते ९० सेकंदांत भाजतात. घरचा ओटीजी बहुधा २५० अंशांवर थांबतो. तिथे पिझ्झ्याला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात वरचा ओलावा खाली बेसमध्ये उतरतो. म्हणूनच बहुतेक फ्रोझन पिझ्झ्यांचा बेस आधीच अर्धा भाजून घेतलेला असतो. हा मुळातच वेगळा पदार्थ आहे, तेव्हा नेपल्सची अपेक्षा त्याच्यावर लादण्यात अर्थ नाही.

आता गोठवण्याकडे वळू, कारण बराचसा निकाल तिथेच लागतो. पदार्थातल्या बहुतेक पाण्याचा बर्फ उणे १ ते उणे ५ अंशांच्या टप्प्यात होतो. हा टप्पा झपाट्याने ओलांडला तर बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. पदार्थ तिथे रेंगाळला तर स्फटिक मोठे होतात आणि भाजीच्या पेशींच्या भिंती फाडतात. ढोबळी मिरची, टोमॅटो, मशरूम यांत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते. भिंती फाटलेली मिरची ओव्हनमध्ये तापली की ते सगळे पाणी सोडते, आणि ते थेट बेसवर येते. मोठ्या कारखान्यांत ब्लास्ट फ्रीझर असतो, त्यात उणे ३० ते उणे ४० अंशांची हवा जोराने फिरवतात. लहान उत्पादकाकडे बहुधा आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा झाकणाचा डीप फ्रीझर असतो. तो गोठलेला माल गार ठेवण्यासाठी बनवलेला असतो, कोमट माल झटपट गोठवण्याची ताकद त्यात नसते. यावर कोणी म्हणेल की मग स्थानिक माल कमअस्सलच राहणार, कारण भांडवल आणायचे कुठून? मला हे पटत नाही. यंत्राची उणीव हाताच्या कामाने बरीच भरून काढता येते. कांदा-मिरची आधी कोरडी परतून घ्यावी, सॉस आटवून घट्ट करावा, बेस पूर्ण गार झाल्यावरच त्याला सॉस लावावा, ताटल्यांत एकेक पिझ्झा सुटा ठेवून थोडा थोडा माल गोठवावा आणि मगच वेष्टनात घालावा. यातल्या कुठल्याच गोष्टीला मोठी गुंतवणूक लागत नाही, वेळ मात्र लागतो. ज्याने तो दिला त्याचा पिझ्झा पहिल्या घासालाच वेगळा लागतो.

गोठलेला माल उणे १८ अंशांवर किंवा त्याहून गार राहिला पाहिजे. उन्हाळ्यात वीज जाते, दुकानदार रात्री फ्रीझर बंद करतो, डिलिव्हरीच्या पिशवीत पाकीट अर्धा तास फिरते. दर वेळी थोडा बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठताना आधीपेक्षा मोठा स्फटिक होतो. पाकिटाच्या आतल्या बाजूला भुरभुरीत हिम साचले असेल तर ते पिझ्झ्यातूनच निघालेले पाणी आहे. पाकीट हलकेच हलवून पाहावे. किसलेले चीज सुटे असेल तर ठीक, पण त्याचा एकच गोळा झाला असेल किंवा टॉपिंग एका कडेला सरकले असेल, तर माल मध्ये कुठेतरी वितळून गेला आहे. बेसचेही नुकसान होते. भाजलेल्या मैद्यातला स्टार्च शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात, म्हणजे फ्रिजच्या गारव्यात, सगळ्यात लवकर शिळा पडतो. म्हणून वितळून पुन्हा गोठवलेल्या पिझ्झ्याची कड चिवट लागते. इथेच स्थानिक उत्पादकाची बाजू वरचढ आहे. त्याचा माल गोदामे आणि ट्रक बदलत शेकडो किलोमीटर फिरत नाही. उत्पादनाची ताजी तारीख आणि जवळचे अंतर हे त्याचे खरे भांडवल आहे. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' या जाहिरातीला मात्र मी फारसे महत्त्व देणार नाही, कारण उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ तशीही थांबलेली असते.

चीजकडे दुर्लक्ष करा असे माझे म्हणणे नाही. मोझरेलाची तार दुधातल्या केसीन या प्रथिनामुळे आणि त्याला जोडलेल्या कॅल्शियममुळे येते. पण वनस्पती तेल, स्टार्च आणि केसीन वापरून केलेला चीजसारखा पदार्थही नीट बनवला तर ताणला जातो, त्यामुळे तार हा अस्सलपणाचा पुरावा होत नाही. पुरावा वेष्टनावर सापडतो. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि ज्या घटकाचे नाव किंवा चित्र वेष्टनावर ठळकपणे दाखवले आहे त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावे लागते. चीजच्या जागी पाम तेल आणि स्टार्च दिसले तर तो माल चीज पिझ्झ्याच्या भावाने घेऊ नये. आणि खरे चीज आपल्याकडे मिळत नाही अशी सबबही चालणार नाही. मंचर आणि बारामतीला चीजचे मोठे कारखाने आहेत.

राहतो एक आक्षेप: चव ज्याची त्याची. कोणाला सॉस गोड लागतो, कोणाला पनीर-मखनीशिवाय चालत नाही. हे मान्य, आणि म्हणूनच परीक्षा चवीच्या अलीकडे घ्यावी. ओव्हन आधी पुरता तापवावा, पिझ्झा न वितळवता थेट आत ठेवावा आणि भाजल्यावर पाच मिनिटे जाळीवर काढावा. मग तुकडा कडेने धरून उचलावा. टोक लोंबले, तुकडा मोडून पाहिल्यावर सॉसखाली कच्च्या कणकेसारखा चिकट, करडा पट्टा दिसला, किंवा मधोमध पाण्याचे डबके साचले, तर मसाला कितीही आवडता असो, पिझ्झा फसलेला आहे. तव्यावर करणाऱ्यांनी झाकण शेवटची दोन-तीन मिनिटे काढून ठेवावे, नाहीतर वाफ पुन्हा बेसमध्येच मुरते आणि दोष उत्पादकाच्या माथी बसतो. ही सूचना पाकिटावर छापणे हे त्याचेच काम आहे. गावातल्या उत्पादकाचा फोन नंबर पाकिटावर असतो. त्याला 'मजा आली नाही' एवढेच कळवले तर तो पुढच्या खेपेला आणखी चीज घालील. 'कांद्याखाली बेस ओला राहिला' असे सांगितले तर कांदा आणखी दोन मिनिटे परतायचा, हे त्याला तिथल्या तिथे समजेल.