बटन बंद, तरी होल्डरमध्ये करंट?

पालकहो, चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. पण याच भागातल्या, गडचिरोलीकडच्याही जुन्या कवेलूच्या घरांत लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून दिसते. पावसाळ्यात कवेलू गळतात, मातीची भिंत ओली होते आणि वायरवरचं रबर तडकलेलं असलं की भिंतीतसुद्धा करंट उतरतो.

सगळ्यात फसवी चूक मात्र बटनाची. बटन फेजवर हवं. ते न्यूट्रलवर जोडलं तरी बल्ब नीट लागतो, नीट विझतो. मग शंका कोणाला येणार? पण बटन बंद असतानाही होल्डरमध्ये फेज, म्हणजे 230 व्होल्ट, असतोच! म्हणून बल्ब बदलताना मेन स्विचच बंद करा. आणि वायरमनला बटन बंद ठेवून होल्डर टेस्टरने तपासायला सांगा.

दुसरं, कटआउट. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळतात (हा उपाय घरोघरी!). मग भार वाढला की फ्यूजऐवजी पट्टीवरची वायर तापते, आणि वर असतं लाकडी छत. शिवाय 5 अँपिअरचा फ्यूज शॉकपासून वाचवत नाही, कारण त्याच्या कितीतरी कमी करंटने माणूस दगावतो. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, जोडीला चांगली अर्थिंग.