साखर जाते कुठे? स्वादुपिंडाचा कॅन्सर समजून घेताना

कॅन्सर निघाला की डहाणू-तलासरीकडच्या घरांत आधी काय बंद होतं? चहातली साखर, मग वाडीतला चिकू. ‘गाठ साखर खाते’ हे अर्धंच खरं आहे. संशोधनाकडे वळणार असाल, तर उरलेलं अर्धं नीट समजून घ्या.

१९२०च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांना दिसलं, की कॅन्सरपेशी भरपूर ग्लुकोज ओढतात, पण ऑक्सिजन असूनही त्यातलं बरंचसं पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टेट करतात. पूर्ण ज्वलनात एका ग्लुकोजमागे साधारण ३० एटीपी मिळतात, या अर्धवट वाटेने फक्त २. मग हा तोट्याचा धंदा कशासाठी?

कारण वाढत्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, बांधकामाचं सामानही लागतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर डीएनए दुप्पट हवा.

स्वादुपिंडाच्या नेहमी आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त गाठींत ‘केरास’ जनुक बदललेलं असतं. वाढीचं हे बटण मग चालूच राहतं. २०१२ मध्ये ‘सेल’ नियतकालिकात उंदरांवरचा एक अभ्यास आला. त्यात हे बटण हवं तेव्हा बंद करता येत होतं. ते चालू असताना पेशी जास्त ग्लुकोज आत घ्यायची. त्यातलं काही डीएनएसाठी लागणाऱ्या रायबोजकडे वळायचं, काही प्रथिनांना साखरेची जोड देणाऱ्या मार्गाकडे. बटण बंद केल्यावर हे मार्ग मंदावले आणि गाठी आक्रसल्या. म्हणजे आधी जनुक बिघडतं, मग साखरेची वाट बदलते.

वाट कळते कशी? ग्लुकोजमध्ये कार्बन-१३ घालतात, म्हणजे किंचित जड कार्बन. मग तो कोणकोणत्या रेणूंत पोचला, ते मास स्पेक्ट्रोमीटरवर बघतात.

मग चिकू सोडला तर गाठ उपाशी मरेल? नाही. आपण खाल्लं नाही तरी यकृत रक्तात ग्लुकोज सोडत राहतं. शिवाय या पेशी ग्लुटामिन वापरतात, आजूबाजूची प्रथिनंही गिळतात. या आजारात रुग्णाचं पचन बिघडतं, वजन झपाट्याने उतरतं. त्यात जेवण तोडलं, तर गाठीआधी माणूसच खंगतो. मधुमेह असेल तर साखर सांभाळावीच लागते, पण पथ्य डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना ‘पेशीने किती ग्लुकोज घेतलं’ यावर थांबू नका. त्यातला कार्बन शेवटी कुठे पोचला आणि तो मार्ग अडवल्यावर पेशीने दुसरा कोणता धरला, हे शोधा. औषधाची जागा तिथेच सापडण्याची शक्यता आहे.