फिनच्या पात्यातली चीर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्प्लिट फिनचे पाते टोकापासून पायाच्या दिशेने उभे चिरलेले असते. साध्या फिनला एकच अखंड पाते असते. हिला शेजारी शेजारी दोन. लाथ मारली की ही दोन पाती थोडी वळतात, मधली चीर उघडते, आणि पायाला जाणवणारा पाण्याचा विरोध कमी होतो. स्कूबा डायव्हिंगच्या साहित्यात इतक्या साध्या बदलाभोवती इतके गैरसमज क्वचितच जमले असतील.

पुण्याजवळच्या दापोडीपासून समुद्र घाटाखाली, चांगला लांब. तरीही पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातून तारकर्ली, मालवण, गोव्याचे ग्रांदे बेट किंवा मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी गाठणाऱ्यांची वर्दळ ऑक्टोबर ते मे चालूच असते. पहिली बुडी भाड्याच्या साहित्यावर होते. दोन-तीन सहलींनंतर स्वतःचा मास्क येतो, आणि मग फिनचा विषय निघतो. अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो: ‘स्प्लिटच घे. कमी मेहनत, जास्त वेग, हवाही वाचते.’ हा सल्ला इतक्या खात्रीने आणि इतक्या वेळा दिला जातो की तो तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. त्यातले एक विधान अर्धे खरे, दुसरे गैरलागू आणि तिसरे चुकीचे आहे.

हा समज आला कुठून, हे आधी पाहावे लागते. पायात घालायच्या फिनचे पेटंट फ्रेंच नौदलातले अधिकारी लुई द कोर्लिए यांनी १९३३ मध्ये घेतले. त्यानंतर काही वर्षांत अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी रबराच्या फिन बाजारात आणल्या. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूशा कंपनीची, पात्यात आरपार खिडक्या असलेली जेट फिन आली. त्याच धाटणीच्या जड, काळ्या रबरी फिन आजही लष्करी डायव्हर वापरतात. चिरलेले पाते बरेच नंतरचे. १९९०च्या दशकात पीट मॅकार्थी या अमेरिकी संशोधकाने त्याचे पेटंट मिळवले आणि अपोलो, स्कूबाप्रो यांसारख्या कंपन्यांनी ती रचना परवाना घेऊन विकायला काढली. जाहिरातींचा दावा असा होता की दोन पाती जहाजाच्या पंख्याच्या पात्यांसारखी वागतात: नुसते पाणी ढकलत नाहीत, तर विमानाच्या पंखासारखा उचल देणारा जोर निर्माण करतात. त्या काळात डायव्हिंग मासिकांनी घेतलेल्या वेगाच्या चाचण्यांत या फिनना चांगले गुणही मिळाले. तेव्हापासून ‘चीर म्हणजे वेग’ हे समीकरण पक्के झाले.

आता फिनचे काम काय ते पाहू. पाणी मागे ढकलले की शरीर पुढे जाते. गोम अशी की पाय वर-खाली हलतो, मागे-पुढे नाही. पाते अगदी ताठ असेल तर लाथेचा बराचसा जोर पाणी खाली आणि वर ढकलण्यात जातो. मांडीचे स्नायू भरून येतात, पुढची चाल मात्र बेताचीच. पाते वाकते तेव्हा ते तिरके होते आणि तेच पाणी मागच्या दिशेला जाऊ लागते. म्हणजे फिनचा कस पाते किती आणि कसे वाकते यात आहे. पाते चिरणे हा ते वाकवण्याचा एक मार्ग. मऊ प्लास्टिक किंवा रबर वापरणे हा दुसरा. टोकाकडे जाडी कमी करत नेणे हा तिसरा.

मग श्रेय चिरेचे की वाकण्याचे? ज्यांना शंका आहे त्यांनी अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात डेव्हिड पेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी केलेले काम पाहावे. ‘अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिसिन’ या नियतकालिकात ते २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. कड्यासारख्या गोल तलावात डायव्हरना वेगवेगळ्या फिन घालून पोहायला लावले आणि ठरावीक वेगाला शरीर किती ऑक्सिजन वापरते ते मोजले. सर्वांत लवचिक फिनला सर्वांत कमी ऑक्सिजन लागला, सर्वांत ताठ फिनला सर्वांत जास्त. चीर, खिडक्या, पन्हळी या करामतींनी मात्र स्वतःहून काही बचत झाली नाही. तेव्हा ‘स्प्लिट फिनला मेहनत कमी लागते’ हे खरे, पण ती मऊ असते म्हणून. तितकीच मऊ अखंड फिन तेच काम करते. विमानाच्या पंखाची उपमा विक्रीला उपयोगी पडली. मोजमापाला ती लागत नाही.

याच चर्चेत ‘माशाची शेपटीसुद्धा दुभंगलेलीच असते’ असा एक युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. त्यासाठी बाजारातली सुरमई किंवा बांगडा हातात घेऊन पाहणे पुरे. त्या शेपटीला खाच असते, चीर नसते. वरचा आणि खालचा भाग एकाच देठाशी घट्ट जोडलेले, एकत्र हलणारे आणि चांगले ताठ असतात. दोन सैल पात्यांसारखे ते वेगवेगळे वळत नाहीत. शिवाय मासा शेपटी डावी-उजवीकडे हलवतो आणि खाच वरच्या व खालच्या टोकांच्या मध्ये असते. निसर्गाचा दाखला द्यायचाच असेल तर तो असा अर्धवट देऊ नये.

आता वेग. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सगळे ज्याला सीएमई म्हणतात तिथे, लष्कराचे नौकानयन केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ तिथेच तयार झाले आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात १३वे आले. तिथली नौका, वल्हे, बसण्याची पद्धत, सगळे २,००० मीटर अंतर कमीत कमी वेळात कापण्यासाठी असते. तिथे वेगासाठी केलेला प्रत्येक बदल योग्य ठरतो, कारण वेग हाच खेळ. डायव्हिंगमध्ये शर्यत नसते. तरी फिन निवडताना शर्यतीचे निकष लावले जातात, ही या सगळ्या चर्चेतली खटकणारी गोष्ट.

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. वेग २० टक्के वाढवला तर विरोध ४४ टक्के वाढतो आणि दर सेकंदाला लागणारी शक्ती ७३ टक्के. अंतर लवकर संपते हे धरले तरी तेवढ्याच अंतरासाठी ४४ टक्के जादा ऊर्जा खर्च होते. पाठीवर सिलिंडर, अंगात बीसीडी (हवा भरता येणारे जाकीट), बाजूला लोंबणारा प्रेशर गेज, असे साहित्य असले की डायव्हरला सलग राखता येणारा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी दोन किलोमीटरपेक्षा किंचित कमी. त्यापुढे जाण्याची धडपड कोणत्याही फिनने स्वस्त होत नाही.

इथेच ‘हवा वाचते’ हे तिसरे विधान कोसळते. हवा किती पुरेल हे आधी खोली ठरवते: १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, आणि प्रत्येक श्वासाला तितक्याच पटीने जास्त हवा लागते. त्यानंतर क्रम लागतो शरीराच्या ठेवणीचा. कमरेला गरजेपेक्षा जास्त शिसे बांधले की पाय खाली लोंबतात, तरंगण्यासाठी बीसीडीत जास्त हवा भरावी लागते, शरीर तिरके होते आणि पाण्याला छातीपासून पायापर्यंतचा सगळा पृष्ठभाग आडवा येतो. अशा डायव्हरच्या पायात जगातली सर्वोत्तम फिन घातली तरी सिलिंडर लवकरच रिकामे होणार. दोन किलो शिसे कमी करणे आणि शरीर आडवे ठेवायला शिकणे यांनी जी बचत होते, ती फिन बदलून होत नाही. नव्या डायव्हरला हे सांगायचे सोडून महागडी फिन सुचवणे म्हणजे त्याचे पैसे आणि सराव दोन्ही वाया घालवणे.

मालवणच्या पाण्यात वेगापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. पर्यटकांच्या बुड्या साधारण दहा मीटरच्या आतच होतात. तळ कुठे खडकाळ, कुठे वाळू-गाळाचा. पाणी नितळ असेलच याची खात्री नाही. गाळ ढवळला की काय होते हे मुळा-पवनेच्या संगमाशेजारी राहणाऱ्या दापोडीकरांना वेगळे सांगायला नको. तळालगत वर-खाली लाथा मारल्या, म्हणजे फ्लटर किक केली, की प्रत्येक लाथेसरशी पाण्याचा झोत खाली जातो आणि मागून येणाऱ्याला काही दिसेनासे होते. म्हणून चांगले प्रशिक्षक तळाजवळ फ्रॉग किक शिकवतात: गुडघे वाकवून, बेडकासारखे पाय बाजूला नेऊन, पाणी थेट मागे ढकलायचे आणि मग काही क्षण नुसते सरकत राहायचे. या लाथेला, जागच्या जागी वळायला, आणि त्याहूनही मागे सरकायला, पात्याने पाणी धरून ठेवावे लागते. चिरलेली मऊ पाती नेमकी इथे दगा देतात. दाब दिला की दोन्ही पाती दुमडतात आणि पाणी मधून निसटते. स्प्लिट फिनने फ्रॉग किक करणारे आहेत, पण त्यांनी ती आधी दुसऱ्या फिनवर पक्की केलेली असते.

या मुद्द्याला कायद्याचीही बाजू आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. कित्येक प्रवाळे वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. फिनच्या एका फटक्याने मोडलेला तुकडा भरून यायला किती वर्षे लागतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जिथे थांबता आणि मागे सरकता येणे गरजेचे आहे तिथे ‘सर्वांत वेगवान’ फिनची शिफारस करणे बेजबाबदारपणाचे आहे.

याचा अर्थ स्प्लिट फिन टाकाऊ आहे असा नाही. तिला नावे ठेवणाऱ्यांचेही एक ठरलेले वाक्य असते: ‘प्रवाहात ती कुचकामी.’ तेही तपासून घेतलेले नसते. सरळ रेषेत, फ्लटर किकने, लहान आणि जलद लाथा मारत जायचे असेल तर ती व्यवस्थित चालते. वेगाच्या चाचण्यांत तिला गुण मिळाले ते याच कारणाने. ताठ फिनची सवय असलेला माणूस तिच्यावर मोठ्या, संथ लाथा मारतो, पायाला विरोध लागत नाही म्हणून ‘पुढे जातच नाही’ असे त्याला वाटते आणि दोष फिनवर येतो. एका लाथेत मोठा धक्का हवा असेल, दमलेल्या साथीदाराला ओढून न्यायचे असेल, तर मात्र मध्यम ताठ अखंड पाते जास्त भरवशाचे.

गुडघ्यांबाबतचा समज बराचसा बरोबर आहे: लाथेमागचा भार कमी असल्याने घोटा, गुडघा किंवा पोटरीचा त्रास असलेल्यांना स्प्लिट फिन सुसह्य वाटते. पण लाथांची संख्या वाढते, आणि गुडघ्याचे दुखणे असलेल्याने बुडी मारावी की नाही हे डॉक्टरने ठरवायचे असते. लांब फिन म्हणजे चांगली फिन, हे फक्त श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांपुरते खरे. तरण तलावात सरावाला वापरतात त्या आखूड फिन सिलिंडर घेऊन चालत नाहीत. फिन घातल्या की पोहता आले नाही तरी चालते, हे प्रशिक्षकाने हात धरून नेलेल्या पर्यटक-बुडीपुरतेच. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमात २०० मीटर साहित्याविना, किंवा ३०० मीटर मास्क-स्नॉर्केल-फिनसह पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे तरंगावे लागते. आणि पवना-मुळशीच्या धरणांतून पाणी सुटले असताना फिनच्या जोरावर नदीत टिकता येईल, हा समज तर जिवावर बेतणारा आहे: पुराचा प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा कितीतरी जोरात वाहतो.

निवडीत पात्याइतकाच, खरे तर त्याहून जास्त, कस लागतो पायाच्या खोबणीचा. टाच झाकणारी फिन अनवाणी घालायची. मागे पट्टा असलेली बुटांवर. दुसऱ्या प्रकारची घ्यायची असेल तर बूट घालूनच माप पाहावे, नाहीतर समुद्रात पोचल्यावर पाय आत जात नाही. सैल फिन प्रत्येक लाथेला घसरते आणि पोटरीत पेटके आणते. घट्ट फिन बोटे बधिर करते. हे दुकानात उभे राहून पूर्ण कळत नाही. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत सरावाचा तलाव आहे. पुण्यातही तरण तलावात डायव्हिंगचे प्राथमिक धडे दिले जातात. विकत घेण्याआधी अशा ठिकाणी एकदा स्प्लिट आणि एकदा अखंड फिन घालून तेच अंतर कापावे, जागच्या जागी वळून पाहावे, मागे सरकून पाहावे. ज्याला फ्रॉग किक अजून येत नाही आणि ज्याचे पाय धडधाकट आहेत, त्याने पहिली फिन मध्यम ताठपणाची, अखंड पात्याची आणि पायाला नीट बसणारी घ्यावी.