भाताच्या तुसातील सिलिका : वेगाचा प्रश्न

डहाणू व तलासरी या तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक होय. भाताचे तूस जाळले असता त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग राखेच्या रूपाने उरतो, आणि त्या राखेत शेकडा ८५ ते ९५ सिलिका असते. मात्र ही सिलिका उपयोगी पडेल की अपायकारक ठरेल, हे तिच्या प्रमाणावरून कळत नाही. ती घडताना कोणती प्रक्रिया किती वेगाने झाली, हे पाहावे लागते.

भाताचे रोप मुळांवाटे सिलिसिक आम्ल सुट्या रेणूंच्या स्वरूपात शोषून घेते. २५° सेल्सिअसला अस्फटिकी सिलिकेची विद्राव्यता दर लिटरास सुमारे १२० मिलिग्रॅम आहे. बाष्पोच्छ्वासामुळे ही मर्यादा ओलांडली की रेणू परस्परांशी जुळू लागतात, प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि तुसाच्या बाह्य भागी सिलिका साचते. (वारली चित्रांतील पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, म्हणजे स्टार्चचा, सिलिकेशी त्याचा संबंध नाही.)

हीच क्रिया प्रयोगशाळेत घडविण्यासाठी राख दाहक सोड्यात विरघळवून विद्रावात आम्ल मिसळतात. पीएच २ च्या आसपास जोडणी अत्यंत मंद असते. ५ ते ६ च्या दरम्यान जेल सर्वांत लवकर बसते. जेल बसण्याचा काळ हेच वेगाचे माप, असा विद्यार्थ्यांचा समज पुष्कळदा आढळतो. तो टिकणारा नाही. पीएच ७ च्या वर जोडणी वेगानेच चालते. परंतु कणांवर ऋण विद्युत्भार असल्याने ते एकमेकांस दूर सारतात, व विद्रावात क्षार अल्प असल्यास जेल न बसता कणच मोठे होत जातात.

ज्वलनात निराळीच अडचण येते. बाष्पनशील द्रव्ये झटपट निघून जातात. उरलेला कार्बन जळण्यास मात्र ऑक्सिजनला राखेच्या थरातून आत विसरावे लागते. येथे ब्रूस डील व अँड्र्यू ग्रोव्ह यांनी १९६५ मध्ये सिलिकॉनवरील ऑक्साइड-पटलासंबंधी मांडलेल्या उपपत्तीची आठवण होते. पटल पातळ असता पृष्ठावरील अभिक्रिया वेग ठरविते व जाडी काळाच्या प्रमाणात वाढते. पटल जाड झाल्यावर विसरण वेग ठरविते व जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हे साम्य फार ताणू नये. सिलिकॉनवर सिलिका नव्याने निर्माण होते; तुसात ती आधीपासूनच असून भोवतीचा कार्बन तेवढा नाहीसा व्हावयाचा असतो.

शिवाय तुसात पोटॅशियम असते. त्याच्या योगाने सिलिकेचा पृष्ठभाग वितळून कार्बन आत कोंडला जातो, राख काळसर राहते, आणि क्रिस्टोबलाइट हे स्फटिकी रूप लवकर बनते. म्हणून जाळण्यापूर्वी तूस सौम्य आम्लाने धुणे इष्ट ठरते. ७००° च्या खाली राख अस्फटिकी राहते असे सामान्यतः सांगितले जाते, परंतु तो आकडा म्हणजे सीमारेषा नव्हे; तापमानाइतकाच त्या तापमानात गेलेला अवधीही महत्त्वाचा असतो.

अस्फटिकी राख सिमेंटातील चुन्याशी लवकर संयोग पावते. क्रिस्टोबलाइटची धूळ फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस होतो. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केला असल्याने तेथे या भेदाचे महत्त्व अधिकच आहे. भट्टीच्या निरनिराळ्या भागांतील राख एकसारखी तापलेली नसते; सबब प्रत्येक भागाचा नमुना वेगळा घेऊन क्ष-किरण विवर्तनाने तपासावा.